बोटीवरची खोली आणि आपली पत्र्याची खोली

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

चौक आणि आजूबाजूच्या वाड्यांमधल्या बचत गटांचं काम बघणाऱ्या आम्ही मैत्रिणी आज तुमच्याशी बोलणार आहोत. होळी झाली की आपल्याकडे दुपारी पत्र्याखाली बसवत नाही. जेवणं उरकून जरा पाठ टेकावी म्हटलं, तर अंगाखालची चटईसुद्धा गरम लागते. म्हणून आजचा विषय अगदी घरातला घेतला आहे. लहान, बंद, पत्र्याची खोली गार कशी ठेवायची?

हा विषय आमच्या बैठकीत निघाला तो एका बोटीवरून. आपल्या भागातली बरीच मुलं आता हॉटेल मॅनेजमेंट शिकून मोठ्या प्रवासी बोटींवर नोकरीला जातात. गटातल्या एका ताईंचा मुलगा असाच सुट्टीवर आला होता. बायकांनी त्याला धरून बसवलं. "काय रे बाळा, सगळी बोट लोखंडाची, वरून भर समुद्रातलं ऊन. मग आत माणसं भाजत नाहीत का?" तो हसला आणि त्याने जे सांगितलं, ते आपल्या कामाचं निघालं.

बोट म्हटली की आपल्याला भाऊचा धक्का नाहीतर रेवस-मांडवा आठवतं. पण २०१८ साली मुंबईहून गोव्याला जाणारी 'आंग्रिया' नावाची मोठी बोट सुरू झाली होती. आपल्या रायगडच्या कान्होजी आंग्र्यांचं नाव तिला दिलं होतं. अशा बोटीत माणसं रात्री झोपतात, त्यासाठी खोल्या असतात. खोली म्हणजे काय, आपल्या स्वयंपाकघराएवढी जागा. चारी बाजूंनी पोलाद. कित्येक खोल्यांना खिडकीच नसते. ती खोली गार राहते कशी? बोटीच्या पोटात एक मोठं यंत्र पाणी थंड करतं, ते पाणी नळांतून मजल्यामजल्यावर फिरतं आणि त्या गार नळ्यांवरून हवा सोडतात. पण नुसत्या यंत्रावर भागत नाही. पोलादी भिंतीच्या आत लोकरीसारखा जाड थर भरलेला असतो, म्हणजे बाहेरचं तापलेलं लोखंड आतल्या भिंतीला टेकत नाही. बऱ्याचशा बोटी बाहेरून पांढऱ्या रंगवतात. शिवाय पाहुण्यांना सांगून ठेवतात, की खोलीबाहेर जाताना खिडकीचा पडदा ओढून घ्या. सज्जाचं दार उघडं ठेवू नका, समुद्राची दमट हवा आत आली की यंत्राची दमछाक होते आणि भिंतींना पाणी सुटतं. नको असलेले दिवे बंद करा. हवा कोंडल्यासारखी वाटली तर लहान पंखा लावा.

बघा, एवढ्या महागड्या यंत्रालासुद्धा उघडा पडदा आणि उघडं दार परवडत नाही. आधी ऊन अडवायचं, मग आतली उष्णता कमी करायची, मग हवा फिरवायची, आणि यंत्र सगळ्यात शेवटी. हा क्रम आजच्या बोलण्यातली मुख्य गोष्ट आहे. आपण नेमकं उलटं करतो. पत्रा उघडा तापत ठेवतो आणि कूलरसाठी कर्ज मागतो.

चौकच्या माणसांना लोखंडी खोली म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. २७ जणांचे मृतदेह हाती लागले, ५७ माणसं सापडलीच नाहीत. वाचलेल्या कुटुंबांची सोय चौकजवळ कंटेनरच्या खोल्यांमध्ये झाली. पुढे सिडकोने त्यांच्यासाठी पक्की घरं बांधली, पण त्याआधी २०२४ चा अख्खा उन्हाळा त्यांनी त्या लोखंडी खोल्यांमध्ये काढला. डोंगरावरच्या वाऱ्यात वाढलेली माणसं, लहान लेकरं, म्हाताऱ्या आज्या. कंटेनरला वळचण नसते, पडवी नसते, माळा नसतो. ऊन थेट लोखंडावर आणि लोखंड थेट डोक्यावर.

पण आपल्या घरांकडे नीट बघितलं, तर आपणही हळूहळू कंटेनरच बांधू लागलो आहोत. आपल्या आज्यांचं घर आठवा. कारवीचा कूड, त्यावर शेणामातीचं लिंपण. वर कौलं, आणि कौलांच्या फटींमधून गरम हवा आपली आपण निघून जायची. खाली माळा, माळ्यावर पेंढा, गोवऱ्या, जुनं सामान. त्या माळ्यामुळे कौलांचं ऊन माजघरात उतरायचं नाही. पुढे ओटी, मागे पडवी. भिंतीला ऊन लागायचंच नाही, कारण वळचण दोन-दोन हात पुढे आलेली. आता कौलं फुटतात, माकडं उड्या मारतात, शाकारायला माणूस मिळत नाही, म्हणून पत्रा आला. त्यात वाईट काही नाही. पावसाळ्यात पत्र्याने सुखच दिलं. पण पत्रा आणताना आपण माळा काढला, वळचण कापली आणि भिंतीच्या वरची फट सिमेंटने बुजवली. मग उन्हाळ्यात घराची भट्टी झाली, तर दोष पत्र्याचा एकट्याचा नाही.

आता हा उन्हाळा किती वाढलाय तेही ऐका. माणगाव तालुक्यातलं भिरा हे आपल्याच जिल्ह्यातलं गाव. तिथे २८ मार्च २०१७ ला पारा ४६.५ अंशांवर गेला. अजून चैत्रसुद्धा नीट लागला नव्हता. १६ एप्रिल २०२३ ला खारघरला उघड्या मैदानावर मोठा कार्यक्रम झाला आणि उष्माघाताने १४ माणसं गेली. त्या दिवशी जवळच्या केंद्रावर पारा ३८ च्या आसपासच होता. म्हणजे चाळीस गाठायची गरज नाही. आपल्याकडे हवेत दमटपणा असतो, घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग गार होत नाही. म्हणूनच हवामान खातं सपाट प्रदेशात ४० अंशांपासून उष्णतेच्या लाटेचा विचार करतं, पण किनारपट्टीला ३७ पासून.

बायांनो, त्या भर दुपारी घरात कोण असतं? पुरुष माणूस कामावर गेलेला, नाहीतर झाडाखाली बसलेला. त्याला पाराची सावली आहे. आपण असतो चुलीपाशी, नाहीतर बाळंतिणीपाशी, नाहीतर सासूबाईंच्या उशाशी. वर आपल्या गटांचा धंदासुद्धा याच दिवसांतला. पापड, कुरडया, मसाला, सगळं चैत्र-वैशाखात. म्हणून ही खोली गार करायची गरज आपल्याला जास्त आहे.

पहिलं काम: ऊन बाहेरच अडवा

दुपारी पत्र्याखाली उभं राहून डोक्यावर हात धरा. पत्र्याला हात न लावताही तळव्याला झळ लागते. तापलेला पत्रा चुलीसारखी खाली उष्णता फेकतो. म्हणूनच पंखा जोरात फिरत असला तरी डोकं तापतं. तर पहिला इलाज पत्र्यावरच करायचा.

सगळ्यात स्वस्त इलाज म्हणजे पांढरा रंग. पांढऱ्या छपरावरून बरंचसं ऊन परत फिरतं. गुजरातेत अहमदाबादला मे २०१० मध्ये उष्णतेची मोठी लाट आली, त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा तेराशेहून जास्त माणसं दगावली. त्यानंतर २०१३ साली त्या शहराने उन्हाळ्याचा कृती आराखडा केला आणि पुढे गरीब वस्त्यांमधली छपरं पांढरी करायचं काम घेतलं. तेलंगणा सरकारने तर २०२३ मध्ये थंड छपरांचं धोरणच आणलं. पांढऱ्या छपराखालची खोली साधारण दोन ते पाच अंशांनी कमी तापते. दोन अंश ऐकायला थोडे वाटतात, पण तापलेल्या लेकराचा ताप दोन अंशांनी उतरला तर आपण देवाला नारळ फोडतो, हे आठवा.

रंग कोणता? सिमेंटचा पत्रा किंवा स्लॅब असेल तर साधा चुना चालतो. कळीचा चुना रात्रभर भिजवा, गाळून घ्या, त्यात तांदळाची पेज किंवा थोडा फेव्हिकॉल घाला, आणि दोन-तीन हात मारा. चुना भिजवताना उकळतो, लेकरांना लांब ठेवा. डोळ्यांत उडाला तर भरपूर पाण्याने धुवा आणि लगेच दवाखाना गाठा. लोखंडी पत्र्यावर मात्र चुना धरत नाही, पोपडे सुटतात आणि पत्राही खराब होतो. तिथे पत्र्यासाठी मिळणारा पांढरा रंग घ्या. चुना पहिल्या पावसात धुऊन जातो, म्हणून तो दरवर्षी होळीच्या आधी मारायचा. सारवणाचं जसं आहे तसंच.

इथे एक धोक्याची गोष्ट. सिमेंटच्या पत्र्यावर थेट पाय देऊन चढू नका, तो एकदम फुटतो. फळी आडवी टाका, नाहीतर शिडीवरून लांब दांड्याच्या ब्रशने मारा. सकाळी सात-आठच्या आत काम उरका. जुना सिमेंटचा पत्रा तारेच्या ब्रशने कोरडा घासू नका, फोडू नका. त्यात अॅस्बेस्टॉस असतं, त्याची धूळ छातीत बसते. ओला करून नुसता झाडून घ्या.

दुसरा इलाज सावलीचा. पत्र्याच्या वर वीतभर अंतर सोडून बांबूवर शेडनेट ताणलं तरी फरक पडतो. झावळ्या टाकल्या तरी चालतात, पण दोन अटी आहेत. चुलीचा धूर जिथून निघतो तिथून लांब ठेवायच्या, आणि पावसाआधी काढायच्या. वादळवाऱ्यात उडू नयेत म्हणून घट्ट बांधायच्या.

तिसरं म्हणजे पश्चिमेची भिंत. दुपारनंतरचं उतरतं ऊन छपरापेक्षा भिंतीवर जास्त येतं आणि ती भिंत रात्री दहापर्यंत गरम राहते. त्या बाजूला मांडव घाला. दुधी, घोसाळी, कारली यांचा वेल थंडीतच लावला, तर एप्रिलपर्यंत मांडव भरतो. पाणी वेगळं नको, न्हाणीचं सांडपाणी तिकडे वळवा. सावली मिळते आणि भाजीही मिळते. खिडकीला पडदा लावायचा तर तोही बाहेरून लावा. काचेच्या आत पडदा लावला तर ऊन आधीच आत आलेलं असतं. बाहेरून बांबूची तट्टी किंवा गोणपाट सोडलं, तर ऊन उंबरठ्याबाहेरच राहतं.

दुसरं काम: पत्रा आणि आपण यांच्यात आडोसा

बोटीवाल्यांनी पोलादाच्या आत दुसरी भिंत केली. आपल्या आज्यांनी माळा केला. युक्ती एकच. पत्र्याखाली हातभर अंतर सोडून बांबूची तट्टी किंवा चटई छताला बांधा. जाड सुती चादर ताणली तरी पत्र्याची झळ थेट अंगावर येत नाही. मधली जागा दोन्ही टोकांना उघडी ठेवा, म्हणजे तिथली गरम हवा बाहेर जाईल. थर्माकोलचं छत स्वस्त पडतं म्हणून पुष्कळ जणी लावतात, पण ते लगेच पेट घेतं आणि त्याचा धूर विषारी असतो. ज्या खोलीत चूल, गॅस किंवा देवाचा दिवा आहे तिथे थर्माकोल नको, पेंढाही नको. विजेच्या उघड्या वायरीजवळ तर काहीच नको.

तिसरं काम: दार-खिडकीची वेळ सांभाळा

दुपारी घर बंद ठेवावं की उघडं, हा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो. उत्तर घराप्रमाणे बदलतं. मातीच्या जाड भिंतीचं, कौलारू, माळ्याचं घर असेल तर सकाळी नऊपासून संध्याकाळपर्यंत दारं-खिडक्या लावून घ्या. रात्रीचा गारवा आत टिकतो. पण नुसत्या पत्र्याची खोली दुपारी बाहेरच्या सावलीपेक्षाही जास्त तापते. ती बंद ठेवली तर आतली गरम हवा कोंडते. तिथे उन्हाची बाजू बंद करायची आणि सावलीच्या बाजूचं दार-खिडकी उघडी ठेवायची. खूण सोपी आहे. उंबरठ्यावर उभं राहा, एक हात आत, एक हात बाहेरच्या सावलीत. बाहेर गार वाटलं तर उघडा, आत गार वाटलं तर लावून घ्या.

गरम हवा वर चढते. भिंत आणि पत्रा यांच्यामधली फट सिमेंटने बुजवली असेल, तर समोरासमोरच्या दोन भिंतींवर अगदी वर एक-एक वीट काढून जाळी बसवा. खालून खिडकीतून हवा येईल, वरून गरम हवा निघून जाईल. जाळी बारीक घ्या, म्हणजे डास आणि सापकिरडू येणार नाहीत. पावसाची झड येते त्या बाजूला वर छोटी पट्टी लावा.

रात्री सगळं उघडं ठेवावं हे सांगायला सोपं आहे. पण ज्या घरात बाई एकटी आहे, मुली मोठ्या आहेत, तिथे उघड्या दाराने झोप लागत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणून खिडकीला गज आणि जाळी हा खर्च सजावटीचा धरू नका. आतून कडी, बाहेरून जाळी, आणि मधून वारा. गटाच्या अंतर्गत कर्जातून जाळीसाठी पैसे दिले, तर ते योग्यच कर्ज आहे.

चौथं काम: आतली चूल शांत करा

बाहेरचं ऊन अडवलं आणि आत चूल धगधगत ठेवली तर काय उपयोग? उन्हाळ्याच्या तीन महिन्यांत चूल मागच्या दारी, पडवीत न्या. दोन्ही वेळचा भाकरतुकडा सकाळी नऊच्या आत उरका. डाळ, कडधान्य एक उकळी आणून, झाकण लावून, जुन्या गोधडीत गुंडाळून टोपलीत ठेवा. आतल्या आत शिजतं, सरपणही वाचतं. मात्र उन्हाळ्यात अन्न लवकर आंबतं, म्हणून दुपारच्या जेवणाला ते संपवा. जुना पिवळा बल्ब असेल तर काढा, तो उजेडापेक्षा उष्णताच जास्त देतो. फ्रीज झोपायच्या खोलीत असेल तर दुसरीकडे हलवा, त्याच्या पाठीमागून सारखी गरम हवा येते. पापड-मसाल्याचं काम करणाऱ्या गटांनी भाजणं, कांडणं पहाटे ठेवावं. बारा ते चार शेडमध्ये कुणीच बसू नये.

पाचवं काम: पंखा, पाणी, आणि मग यंत्र

आता पंख्याकडे येऊ. पंखा हवा गार करत नाही, घाम वाळवतो. म्हणून रिकाम्या खोलीत पंखा फिरवून काही होत नाही. फार उकाडा असेल तेव्हा अंग ओल्या फडक्याने पुसून पंख्याखाली बसा, लगेच गारवा येतो. म्हाताऱ्या माणसांना घाम कमी येतो, त्यांना नुसता पंखा पुरत नाही. त्यांच्या मानेवर, हातापायांवर ओलं फडकं ठेवत राहा.

ओलं गोणपाट, वाळ्याचा पडदा, कूलर, हे सगळं पाणी वाळण्यावर चालतं. विदर्भात कोरडी हवा असते, तिथे कूलर छान चालतो. आपल्याकडे रोज चालेलच असं नाही. त्यासाठी सोपी परीक्षा करा. सकाळी एक रुमाल पिळून सावलीत टाका. तासाभरात वाळला तर ओला पडदा आणि कूलर काम करेल. ओलाच राहिला तर कूलरने खोलीत दमटपणा वाढेल आणि जीव जास्त घाबरा होईल. कूलर लावला तर समोरची खिडकी उघडीच ठेवा.

आता हिशोब. जुना पंखा साधारण ७५ वॅटचा असतो. रोज १२ तास चालला तर महिन्याला २७ युनिट होतात. कमी विजेचा नवा पंखा ३० वॅटच्या आसपास असतो, त्याला तेवढ्याच वेळात ११ युनिट लागतात. आणि एक टनाचा एसी? तापलेल्या पत्र्याखाली तो थांबतच नाही. रोज आठ तास धरले तरी सात-आठ युनिट, म्हणजे महिन्याला दोनशेच्या वर. विजेच्या बिलात शंभर युनिट ओलांडले की पुढचा दर वाढतो, हे आपण सगळ्या जाणतो. मशीनचा हप्ता वेगळा आणि बिल वेगळं. आमच्या गटांमध्ये एसी-कूलरसाठी कर्जाची मागणी आली, तर आम्ही नाही म्हणत नाही. एवढंच विचारतो, ताई, छप्पर पांढरं केलंत का? माळा केलात का? आधी ते करा. नंतर गरज उरली तर कर्जाचं बघू. बऱ्याचदा गरज पंख्यावरच भागते.

सगळ्यात आधी कोणाची खोली?

बाळंतिणीची. आपल्याकडे बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून दार-खिडकी लावतात, शेक देतात, धुरी देतात, बाळाला टोपडं-लंगोट करून गुंडाळतात. आपल्या आज्यांनी हे पावसाळ्या-हिवाळ्यासाठी, मातीच्या घरात केलं. मे महिन्यात पत्र्याच्या बंद खोलीत शेगडी पेटवली तर बाळ आणि आई दोघांच्या जिवाला धोका आहे. बंद खोलीत कोळशाच्या धुराने माणूस गुदमरून जातं ते वेगळंच. सासूबाईंना दुखवायची गरज नाही. "आई, तुमचं खरं आहे, पण हे घर तेव्हाचं नाही" असं समजावून सांगा. बाळाला एक सुती झबलं पुरतं. खोलीत हवा खेळती ठेवा, पंख्याचा झोत थेट अंगावर नको. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला उन्हाळ्यातही फक्त आईचं दूध, वरचं पाणी नको. दूध जास्त वेळा पाजा, आणि आईने स्वतः भरपूर पाणी प्यावं.

मग म्हातारी माणसं, अंथरुणाला खिळलेली माणसं, गरोदर सुना, रक्तदाबाची किंवा हृदयाची औषधं घेणारी माणसं. त्यांची खाट दुपारी घरातल्या सगळ्यात गार जागी हलवा. पडवी गार असेल तर पडवीत. मान-मरातबाची जागा ओटीवर म्हणून आजोबांना तापलेल्या ओटीवर ठेवू नका.

आणि ही लक्षणं लक्षात ठेवा. डोकं दुखणं, चक्कर, मळमळ, पायांत गोळे, लघवी पिवळीजर्द. हे झालं की माणसाला सावलीत आडवं करा, कपडे सैल करा, अंग पुसा. एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून थोडं थोडं पाजा. चमचा चहाचा. पण अंग तव्यासारखं तापलं, माणूस असंबद्ध बोलू लागलं, झटके आले किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात आहे. तेव्हा तोंडात पाणी ओतू नका. अंगावर पाणी ओता, वारा घाला, काखेत आणि मानेला ओली फडकी लावा, आणि १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत पाणी ओतणं थांबवू नका.

गटाने काय करावं?

हे सगळं एकटीने करायला गेलं तर जड जातं. छपरावर चढायला कुणी नाही, चुना एका पिशवीपेक्षा कमी मिळत नाही, ब्रश विकत घ्यावा लागतो. दहा-बारा जणींनी मिळून केलं तर लावणीच्या इर्जिकीसारखं होतं. आज हिचं छप्पर, उद्या तिचं.

म्हणून येत्या बैठकीत चार ठराव करा. पहिला, गटातल्या घरांची यादी करा. कुणाकडे लोखंडी पत्रा, कुणाकडे सिमेंटचा, कुणाकडे कौलं, कुणाकडे स्लॅब. कुणाच्या घरात बाळंतीण, म्हातारं माणूस, आजारी माणूस. दुसरा, रंगवायचा क्रम त्या यादीवरून ठरवा. अध्यक्षांचं घर आधी नको, बाळंतिणीचं आधी. तिसरा, चुना, रंग, ब्रश, शिडी गटाच्या पैशातून एकदम आणा आणि ज्या घराला एकदम देणं जमत नाही तिला अंतर्गत कर्जाने हप्ते पाडून द्या. चौथा, एक खोलीचा तापमापक आणा. रंगवायच्या आधी आठवडाभर आणि रंगवल्यावर आठवडाभर, रोज दुपारी दोन वाजता आणि रात्री दहा वाजता आकडा बघून इतिवृत्ताच्या वहीत लिहा. न रंगवलेल्या शेजारच्या घरातलाही आकडा लिहा.

वही का, तर बोलण्यापेक्षा आकडा खणखणीत असतो. उद्या ग्रामसंघात किंवा ग्रामसभेत उभं राहून तुम्ही म्हणालात, "आमच्या घरात उकडतं," तर लोक हसतील, म्हणतील उन्हाळ्यात उकडणारच. पण वही उघडून दोन घरांचे आकडे वाचलेत, तर अंगणवाडीचं छप्पर पांढरं करा ही मागणी कुणाला टाळता येणार नाही. अंगणवाडीची लेकरं आपलीच आहेत. घरकुल मंजूर झालेल्या बायकांनी तर बांधकामाच्या आधीच गवंड्याला सांगावं. वळचण पुढे काढ, वर जाळी सोड, पश्चिमेला खिडकी लहान ठेव. घर उभं राहिल्यावर भिंत फोडण्यापेक्षा आधी बोललेलं स्वस्त पडतं.

यंदा कोणत्या गटाने किती छपरं रंगवली आणि वहीत काय आकडे आले, ते पावसाआधी आम्हाला जरूर कळवा. पाडव्याआधी चुना भिजत घाला. तब्येतीला जपा, पाणी पीत राहा.